पोट्टा डीपले गेला

बोरडोहमध्ये नव्या माणसानं पत्ता विचारू नये. विचारलाच तर त्यावर विसंबून चालू नये. सरळ ई-रिक्षात बसावं, नाव सांगावं आणि गप राहावं, म्हणजे माणूस पोहोचतो. कन्हानची नदी ओलांडली की पुढं एक फाटा लागतो, तिथून आत हे गाव. एके काळची कोळशाची खदान. खदान बंद झाली, कोळसा निघून गेला, मशिनी ट्रकात भरून गेल्या, पण नावं काही कोणी उचलून नेली नाहीत. ती जिथल्या तिथं राहिली.

म्हणजे असं की, गावाच्या मधोमध भोंगा चौक आहे आणि तिथं भोंगा नाही. पूर्वी पाळी बदलताना तो असा कोकलायचा की पाळण्यातलं लेकरू उठून बसावं. त्याच्या पलीकडं लॅम्परूम. खदानीत उतरणारा माणूस डोक्यावरचा दिवा तिथून घ्यायचा. आता तिथं बायकांचं पार्लर आहे, त्याचंही नाव लॅम्परूमच. नवरी मुलगी सकाळी लॅम्परूमले जाते आणि उजळून येते. पंखा नावाची एक वस्ती आहे. जमिनीखाली हवा ढकलणारं यंत्र तिथं होतं. आज अख्ख्या गावात वाऱ्याची झुळूक कुठं लागत नसेल तर ती पंख्यावर. आणि जिथं हजेरीबाबूची खिडकी होती, तिथं विक्कीची तर्री-पोह्याची टपरी आहे. गाव तिला हजेरी म्हणतं, आणि इमानानं रोज सकाळी तिथं हजेरी लावतं.

पण सगळ्यांत मोठा घोळ डीप आणि राईजचा.

कोळशाचा थर जमिनीखाली आडवा झोपलेला नसतो, तो तिरपा असतो. ज्या अंगाला तो खोल उतरत जातो ते अंग डीपचं, आणि ज्या अंगाला वर येतो ते राईजचं. खाली काम करणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द बसले ते इतके, की वर उजेडात आल्यावरही निघेनात. पूर्व-पश्चिम गेली आणि डीप-राईज आलं. गावाचा अर्धा भाग डीप, अर्धा राईज. सोयरीक सांगताना म्हणायचं, मुलगी राईजची आहे. आता गंमत अशी की, पुढं वरून खोदलेल्या उघड्या खाणीची सगळी माती कंपनीनं ओतली ती नेमकी डीपच्या अंगाला. ओतता ओतता त्याचा डोंगर झाला. त्यावर सुबाभूळ उगवली, बोरी उगवल्या, पंचशील झेंडा लागला, त्याच्या शेजारी मारुतीची घुमटी बसली, चार घरंही चढली. तेव्हा आज बोरडोहात सगळ्यांत उंच जागा कोणती, तर डीप. याचं गावात कोणालाही काही वाटत नाही.

ताराचंद गजभियेला तर नाहीच नाही. तो मूळचा मौद्याकडच्या खेड्यातला. पोरगेला असताना काकाबरोबर खदानीवर आला आणि हॉलेज खलाशी झाला. हॉलेज म्हणजे लोखंडी दोराचं मोठं चाक. खालून कोळशाच्या डब्यांची माळ ओढून आणायची आणि रिकामी माळ परत सोडायची, हे त्याचं काम. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नसे. घंटी वाजायची, तिच्यावर सगळं. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे ओढ. आणि चार वाजल्या की अंगावर काटा यायचा, कारण चार म्हणजे डब्यांत माणसं बसलेली आहेत, सांभाळून आण. ताराचंदनं उभी उमर चारची घंटी ऐकली आणि एकाही माणसाला खरचटू दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं ई-रिक्षा घेतली, पण बोटांना खोड तीच. गिऱ्हाईक चढलं की हॉर्न चारदा. रिकामी रिक्षा असली की दोनदा. घरी बायको शामलाबाई जेवायला बोलवायची तर दारात उभी राहून ताटलीवर उलथन्यानं तीन ठोके द्यायची. की हा चौकातून ओढल्यासारखा येणार. शेजारणी म्हणायच्या, "शामलाबाई, नवरा पाळला का डबा पाळला वं?"

"डबाच बरा," शामलाबाई म्हणायची. "डबा उलटून बोलत नाही."

तर अशा या ताराचंदवर हिवाळ्यातल्या एका रविवारी मोठीच जोखीम येऊन पडली.

त्याची नात दीक्षा गावच्या दवाखान्यात नर्स होती. खदान बंद झाली तेव्हा तिच्या बापाची, अंकुशची, बदली वणीकडं झाली. दीक्षा शाळेसाठी आजोबापाशी राहिली ती राहिलीच. तिचं जमलं होतं सुशील मेश्रामशी. सुशील कामठीला ई-रिक्षांच्या मोटरी दुरुस्त करायचा. ताराचंदची रिक्षा त्या वर्षी वरचेवर बिघडू लागली होती, आणि बिघडली की दीक्षा म्हणायची, "आबाजी, तुम्ही थकले असान, मी नेतो कामठीले." पुढं एकदा शामलाबाईनं तिला वायर उपसताना पाहिलं तेव्हा सगळा उलगडा झाला.

पोरगा चांगला होता. दीक्षाची नोकरी इथं, म्हणून लग्नानंतर बोरडोहात येऊन राहायला तो तयार होता. कामठी इथून जवळच. अडत होतं ते त्याच्या आईपाशी. शोभाताई सक्करदऱ्याच्या. तलावाच्या काठी घर, बोलायला फटकळ, मनानं भली. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं की बोरडोह खालून पोकळ आहे, जमीन धसते, घरं भुईत जातात. "एकुलता एक पोट्टा मी पापडावर नाही बसवत," असं त्या म्हणाल्या होत्या. मग म्हणाल्या, की मी स्वतः येऊन पाहते. पसंत पडलं तर त्याच दिवशी साखर खाईन. नाही पडलं तर विषय संपला, पोरीनं वाईट वाटून घेऊ नये.

 आदल्या संध्याकाळी दीक्षा आजोबाजवळ येऊन बसली आणि त्याच्या मफलरचे दोरे ओढत राहिली. ताराचंदला तेवढं पुरे होतं.

सकाळी शामलाबाईनं त्याला बजावलं, "हे पाहा, त्यायच्यासमोर खाली हा शब्द काढायचा नाही. पोकळ म्हणायचं नाही. जमीन दबली त्या धसानीकडं तर रिक्षा वळवायचीच नाही."

"नाही वळवत."

"अन् मले समजलं पाहिजे बोलणं कसं चाललं ते. तेवढी साखर, पेढे काढून ठेवता येते. पावण्यासमोर मोबाइल लावसान तं बरं नाही दिसत."

"घंटी मारतो ना. चार वाजल्या की समज, जमलं, माणसं सांभाळून घरी आली. एकच वाजली तं…"

"एक वाजवू नका," शामलाबाई म्हणाली आणि पाटवडीचं बेसन घोटायला बसली.

शोभाताई आल्या. हिरवं लुगडं, खांद्याला पर्स, पायात चालायचे बूट. मागं सुशील, निळा शर्ट, नवाकोरा.

"जयभीम, इहीनबाई!" सोयरीक ठरायच्या आधीच ताराचंदच्या तोंडून विहीण निघून गेली.

शामलाबाईला मोठ्ठा खोकला आला. शोभाताईंनी हात जोडले. "जयभीम काकाजी. इहीन अजून नाही झाली जी मी. पाहू द्या तं खरं."

ताराचंद जीभ चावत रिक्षात बसला. हॉर्न मात्र चारदा वाजला.

त्यानं गाव दाखवलं. अगदी मन लावून दाखवलं. "हा भोंगा चौक."

"भोंगा कुठं हाये?"

"नाही जी. होता."

"अन् हे?"

"हे लॅम्परूम."

"पार्लर लिहिलंय."

"हो, पण लॅम्परूम हाये. तिकडं तो पंखा."

शोभाताईंनी पदरानं घाम पुसला. "इथं तं पान हालून नाही राह्यलं!"

"पंखा बंद हाये ना," ताराचंद म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळेना. मागं बसलेली दीक्षा आणि सुशील खाली मान घालून हसू दाबत होते.

"काकाजी, तुमच्या गावात जे हाये ते दाखवा ना. सकाळपासून नसलेलंच पाहून राह्यली मी."

मग त्यानं कोळसा साठवायचा जुना बंकर दाखवला. तिथं आता लग्नं लागतात. नवा दवाखाना दाखवला, बुद्धविहार दाखवला, नळाला येणारं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. पण शोभाताईंचं लक्ष त्याच्या हातांकडं होतं. एका वळणावर रस्ता सरळ जात होता तर यानं रिक्षा घाईनं डावीकडं घातली. दुसऱ्या वळणावर तेच. झाडीतून निळंशार पाणी चमकलं, तारेचं कुंपण दिसलं, आणि त्यावर एक पिवळी पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'सावधान! डीप वॉटर'. ती कोणा बाहेरच्या ठेकेदारानं रंगवलेली होती. तेवढी पाटी वाचून होते न होते तोच रिक्षा वळली.

"ते काय होतं?"

"कुठं? काही नाही. झाडं हायेत जी, सुबाभूळ."

शोभाताई मान वळवून मागं कुंपणाकडं पाहत राहिल्या.  ताराचंदला दोराचा ताण हाताला कळायचा तसं ते कळलं. माळ कुठंतरी अडकली होती.

जेवण मात्र उत्तम झालं. पाटवडीचा रस्सा असा झणझणीत, की शोभाताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला, तरी त्यांनी दोनदा मागून घेतला. वर भाजलेल्या तुरीच्या शेंगा आल्या. "हात चांगला हाये तुमचा," त्या शामलाबाईला म्हणाल्या. पण गावाबद्दल अक्षर नाही. मग अंगणातल्या उन्हात बाज टाकली होती तिच्यावर जराशा आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. दीक्षा ओसरीच्या खांबाला टेकून आजोबाकडं पाहत होती. ताराचंदनं पानाचं निमित्त केलं आणि तो चौकाकडं सटकला. 

तेवढ्यात काय झालं, तर डीपवरच्या म्हाताऱ्या बायजाबाईचा निरोप आला, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. दीक्षा उठली. सुशील म्हणाला, चल, मी नेतो रिक्षानं. दोघांनाही घटकाभर एकटं बोलायचं होतंच. त्याचा मोबाइल घरात चार्जिंगला, तिचा पर्समध्ये, पर्स खुंटीला. रिक्षा गेली.

शोभाताई जाग्या झाल्या तो अंगण रिकामं. शामलाबाई मागच्या अंगाला भांडी घासत होती. शोभाताईंनी बूट घातले आणि त्या निघाल्या. सकाळपासून दाखवलं नाही ते आता आपलं आपणच पाहावं, असं त्यांच्या मनात असणार. वाटेत हजेरी लागली. पुढचं सगळं विक्कीनं नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला पोह्यांबरोबर फुकट ऐकवलं.

"अरे भाऊ, माहा पोट्टा पाह्यला का? निळ्या शर्टातला?"

"पाह्यला ना मावशी. आत्ताच डीपले गेला."

शोभाताई थबकल्या. "कुठं?"

"डीपले. दीक्षाताई बी होती संगं."

"डीपमध्ये? कपड्यांसकट?"

विक्कीला प्रश्न विचित्र वाटला. पण शहरातली बाई, असेल त्यांच्यात काही. "कपड्यांसकटच जातेत मावशी सगळे."

"अन् कोणी अडवलं नाही?"

"काहून अडवावं? मी बी रोज जातो. सकाळी पोहे संपले की जातो, जरा बरं वाटते."

"बाहेर… बाहेर कधी निघाले?"

"आता नाही निघत ते," विक्की मान डोलावत म्हणाला. "जोडीनं गेलं की लवकर कोणी निघत नाही. अंधार पडेपर्यंत येतील वर… म्हणजे खाली. पार टोकापर्यंत गेले असतीन."

शोभाताईंनी एकच "माय वं!" केलं आणि पिवळ्या पाटीच्या दिशेनं धाव घेतली. बूट होते म्हणून बरं. विक्की झारा हातात घेऊन बघतच राहिला.

ताराचंद पानाचा विडा बांधून घेऊन येत होता. समोरून शोभाताई पळताना दिसल्या. केस सुटलेले, पर्स पाठीवर आपटतेय.

"काकाजी! पोट्टा डीपमध्ये गेला!"

"हो का," ताराचंद म्हणाला. त्याला उलट बरंच वाटलं. वरून गाव छान दिसतं, पोरांना निवांत बोलता येईल. "जाऊ द्या जी. दीक्षा हाये ना संगं."

"दोघं गेले! दोघं!"

"मग तं चिंताच नाही. पान घ्या."

शोभाताईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की ते पाहणं ताराचंद जन्मात विसरायचा नाही. त्या पुढं पळाल्या. आणि पळाल्या त्या कुठं, तर नेमक्या धसानीकडं. आता मात्र ताराचंदचा जीव खाली-वर झाला. सकाळपासून जपलेलं सगळं पाण्यात! पानाचा विडा फेकून तोही मागं धावला. त्याच्या मागं विक्की, झाऱ्यासकट. विक्कीच्या मागं अर्धी हजेरी.

कुंपणापाशी शोभाताई थांबल्या. पलीकडं जमीन जागोजागी दबलेली, परातीसारखी. तिच्यापुढं उघड्या खाणीचं ते निळं पाणी, थंड, एकटं. पाण्यावर एक बगळा. शोभाताईंनी दोन्ही हातांनी तार धरली आणि हाक मारली, "सुशीऽऽल!"

पाण्यानं ती हाक तशीच परत केली.

"शोभाताई," ताराचंद धापा टाकत म्हणाला, "इथं काहून आल्या जी? तो डीपले गेला ना?"

"मग हे काय हाये? पाटीवर लिहिलं हाये, डीप!"

ताराचंदनं पाटी वाचली. ती पाटी तिथं कित्येक वर्षं होती. गावातल्या कोणी ती कधी मनावर घेतली असेल तर शपथ. ठेकेदार चुकून दुसरीकडची पाटी इथं लावून गेला, असंच तो समजत आला होता. आता त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. या बाईनं मघापासून काय ऐकलं असेल!

"हा नाही जी डीप! हे तं राईजचं पाणी. डीप तो तिकडं. तो पाहा, वर!"

त्यानं डोंगराकडं बोट दाखवलं.

शोभाताईंनी डोंगराकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, ताराचंदकडं पाहिलं. "डीप… वर हाये?"

"हो जी. कोळसा खाली जाते ना तिकडं, म्हणून ते वरचं डीप."

"तुम्ही लोकं शुद्धीवर हाये का गा?"

तेवढ्यात डोंगराच्या माथ्यावरून हॉर्न वाजला. तीनदा. तिथून सुशीलला खाली आईचं हिरवं लुगडं आणि तिच्याभोवती जमलेली गर्दी दिसली होती. काय झालं ते कळेना, म्हणून दीक्षानं आजोबाची घंटी मारली होती, ओढ. पाठोपाठ झेंड्याजवळ एक निळा ठिपका दोन्ही हात हलवू लागला.

शोभाताई मटकन खाली बसल्या. रडू येत होतं, हसूही येत होतं, दोन्ही एकाच वेळी आल्यानं उचकी लागली. विक्की झारा मागं लपवून म्हणाला, "मावशी, मी काही खोटं नाही बोललो हो."

"तू तोंड नको उघडू रे भाऊ," शोभाताई म्हणाल्या. "पोहे विक तू."

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि डोंगर चढायला लागल्या. पोट्ट्याला हात लावून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. ताराचंद मागोमाग.   धसान दिसली, पाणी दिसलं, तेही असं, छातीत धडकी भरवून. दीक्षाला आता काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

वर पोहोचल्यावर शोभाताईंनी आधी सुशीलच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला छातीशी धरलं. दीक्षानं पाणी दिलं, मनगट धरून नाडी पाहिली, "बसा मावशी, हळू श्वास घ्या," म्हणत त्यांना झेंड्याच्या ओट्यावर बसवलं. बायजाबाई काठी टेकत आली आणि ओंजळभर बोरं ठेवून गेली. कोण बाई, कशाला आली, काही विचारलं नाही. डीपवर चढून आलेल्याला बोरं द्यायची असतात, एवढंच तिला ठाऊक.

बोरं खाता खाता शोभाताईंनी मान वर केली. उन्हाळ्यात धुळीनं भरणारा सगळा मुलूख हिवाळ्यात धुतल्यासारखा दिसत होता. लांब नदीचा रुपेरी पट्टा, तिच्यावरचा पूल, पलीकडं वीजघराच्या चिमण्या, तुरीची पिवळी शेतं. आणि पायथ्याशी गाव. इथून सगळं दिसत होतं. कुंपण कुठून कुठं जातं तेही, आणि कुंपणाच्या आत एकही घर नाही तेही.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "सकाळी हे मले काहून नाही दाखवलं?"

ताराचंद मफलरशी चाळा करत म्हणाला, "भेव वाटलं जी. तुम्ही नाही म्हणसान म्हणून."

"अन् तुम्ही लपवून राह्यले म्हणून मले भेव वाटलं. सकाळपासून वाटून राह्यलं, हा बुवा जिथं जिथं वळते तिथं तिथं गाव बुडालेलं हाये."

"जेवढं धसायचं होतं तेवढं धसलं, अन् ते तारेच्या आत हाये. तिथं बकरी बी जाऊ देत नाही आम्ही. माहं घर ते पाहा, पार राईजले. कवेलूचं छप्पर दिसते ते. तिकडं कोळसा लागलाच नाही, तं खोदंल कोण? अन् तुम्हाले अजून शंका असंल तं कोणाले बी विचारा, मी इथंच बसतो, मधात तोंड नाही घालत."

शोभाताईंनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी बोराची बी थुंकली आणि त्या कवेलूंच्या घराकडं पाहिलं. अंगणात शामलाबाई ठिपक्याएवढी दिसत होती. ती सारखी दारात येऊन रस्त्याकडं बघत होती.

"पोरगी घाबरली नाही," त्या एकदम म्हणाल्या. "मी बोंबलत होती, अन् ह्या पोरीनं आधी नाडी पाह्यली. असं माणूस घरात असंल तं सक्करदरा काय अन् बोरडोह काय." मग दीक्षाकडं वळून, "पण एक सांगून ठेवतो वं. राहायचं राईजले. डीपले नुसतं फिरायले यायचं. अन् मले सांगून यायचं."

दीक्षानं मान हलवली. सुशील झेंड्याच्या खांबाकडं तोंड करून उभा राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं.  ताराचंदनं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

शोभाताईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि नवऱ्याला लावला. केशवराव दुपारचे झोपलेले असणार. "अहो, ऐका ना. पोट्टा डीपले गेला."

पलीकडून असा आरडाओरडा झाला की मारुतीच्या घुमटीवरचं कबूतर उडालं. शोभाताई फोन कानापासून लांब धरून पोट धरून हसू लागल्या. "अहो, चांगलाच गेला! मी बी तिथंच हाये! नाही जी, ओली नाही झाली! आता तो काही तिथून निघत नाही, पसंत हाये मले!"

उतरताना चौघं रिक्षात बसले. शोभाताई मागं बसेनात, ताराचंदच्या शेजारी दाटीवाटीनं बसल्या, कुठं कुठं वळतो ते आता समोरूनच पाहणार म्हणून. हॉर्नचं गणित त्यांनी त्याच्याकडून वाटेत काढून घेतलं. हजेरीपाशी विक्कीनं झारा उंचावून सलाम ठोकला. पंख्यावर पान हललं नाही. घराचं वळण आलं तसा ताराचंदचा अंगठा हॉर्नकडं गेला, पण त्याच्याआधी दुसराच हात आला. बांगड्या किणकिणल्या आणि हॉर्न वाजला. एक, दोन, तीन, चार. आणि वर जोरात पाचवा.

शामलाबाई साखरेची वाटी घेऊन दारातच उभी होती. डोळ्यांत पाणी, कपाळाला आठी.

"चार समजल्या," ती म्हणाली. "ही पाचवी कायची गा?"

ताराचंदनं शेजारी पाहिलं. या वेळी शामलाबाईला खोकला आला नाही.

"पाचवी इहीनबाईची," तो म्हणाला.